वाटाण्याच्या वडीला दहापैकी सात

माझ्या आयुष्यातलं पहिलं ओळखपत्र मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मिळालं. तोवर माझ्याकडे कार्डांचा तोटा नव्हता, पण त्या सगळ्यांवर मी कुणाची तरी कोण होते. रेशनकार्डावर पत्नी, दवाखान्याच्या कार्डावर पत्नी, आणि नवऱ्याच्या बँकेच्या समारंभांच्या आमंत्रणावर तर नुसतीच 'सपत्नीक' या शब्दातली शेवटची तीन अक्षरं. नवऱ्याची दर चार-पाच वर्षांनी बदली. इंदूर झालं, रायपूर झालं, मग लखनौ. प्रत्येक गावात मी पडदे शिवले, दूधवाला लावला, मुलीची शाळा शोधली आणि होमसायन्सची माझी पदवी ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली सांभाळून ठेवली. मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या आठवड्यात ती पदवी मी वर काढली.

नोकरी लागली ती सरोजिनी नगरातल्या एका लहानशा खाद्यपदार्थांच्या कारखान्यात. अमौसीला उतरणारी विमानं आमच्या पत्र्यावरून इतकी खाली जातात की मॅनेजरसाहेब बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबायचे आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचे. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, उत्साही माणूस. त्यांचं म्हणणं असं की सोयाबीनचा टोफू इथं जिमला जाणारी चार पोरं सोडली तर कुणी खात नाही. पण आपल्याच भागात पिकणाऱ्या मटर-चण्याचा तसा ठोकळा केला तर घरोघरी पनीरऐवजी चालेल. इथं मटर म्हणजे चाटमध्ये घालतात तो वाळलेला वाटाणा. तो भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, आटवून ताटात ओतायचा आणि घट्ट झाला की कापायचा. माझं काम होतं तो लोकांना खाऊ घालून त्यांचं मत आणण्याचं. आमच्या कॉलनीतली वीस घरं, दर आठवड्याला, तीन महिने. लोकांनी स्वीकारलं तर माल बाजारात जाणार आणि मी नोकरीत कायम होणार. नाही स्वीकारलं तर वाटाणा बंद, मीही बंद.

मुलाखतीत साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता, "लोगों से बात कर लेती हैं?"

हे घरी सांगितल्यावर नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी फटकळ आहे, असं माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे एकमत आहे.

पण त्या फटकळ बाईनं पहिल्याच दिवशी तोंड मिटून घेतलं, ते आधी कबूल करते. साहेबांनी मला आतल्या खोलीत नेऊन मोठ्या अभिमानानं एका ट्रेवरचं कापड उचललं. खाली पिवळसर, तुकतुकीत, थापलेला गोळा. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, अगं बाई, ही तर पाटोडी! आमच्या नागपूरकडे बेसन आटवून ताटात थापतात, वड्या पाडतात आणि झणझणीत रश्श्याबरोबर खातात, तीच. फरक एवढाच की इथं वाटाणा होता आणि मीठ-मसाल्याचा पत्ता नव्हता. साहेब 'टेक्स्चर', 'प्रोटीन', 'सेगमेंट' असलं काय काय सांगत होते. त्यात मध्येच 'सर, हे आमच्याकडे माझी आजेसासू करायची' असं म्हणणं मला फार गावंढळ वाटलं. गळ्यात नवं कोरं कार्ड होतं. मी मान डोलावली.

सोबत एक छापील कागद होता: पनीरसारखे तुकडे करा, ग्रेव्हीत घालून दहा मिनिटं शिजवा. पाटोडी रश्श्यात आयत्या वेळी सोडायची असते, आधी सोडली की तिचं पिठलं होतं, हे आमच्याकडची शेंबडी पोरगीही सांगेल. तरी मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

आता माझी दुसरी चूक. पहिली भित्रेपणाची होती, दुसरी संस्काराची. कारखान्यानं मला वाटायला प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या होत्या. पण शेजाऱ्याच्या दारात खाण्याची वस्तू घेऊन जायचं आणि हातात प्लास्टिकची पिशवी? मला ते बघवेना. मी ठोकळे घरच्या स्टीलच्या डब्यांत भरले, वर स्वच्छ रुमाल टाकला आणि रविवारी सकाळी सुती साडी नेसून वीस दारं वाजवली. फॉर्म डब्याखाली.

लोकांनी मला बसवलं, पाणी दिलं, सरबत दिलं. समोरच्या घरातल्या भाभीजींनी तर माझ्यादेखत तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "वाह! क्या नरम है. आपके हाथ में तो जादू है, भाभीजी."

"मैंने नहीं बनाया, फैक्टरी का है," मी म्हटलं.

"लाईं तो आप हैं न?"

आठवड्यानं फॉर्म परत आले. रंग, दहापैकी दहा. स्वाद, दहापैकी दहा. पनीरसारखं वाटतं का? दहापैकी दहा, आणि एका काकांनी तर समासात 'उससे बढ़कर' असं लिहिलेलं. शिवाय डबे परत आले ते भरून. आमच्यासारखंच इथंही शेजाऱ्याचा डबा रिकामा धाडत नाहीत. खारी खुसखुशीत मठरी आली, बेसनाचे लाडू आले, कैरीचं लोणचं आलं, एका घरातून मुगाच्या वड्या आल्या. माझं स्वयंपाकघर भरून गेलं आणि डोकंही. मला वाटू लागलं की मी लोकांशी बोलण्यात उपजतच तरबेज आहे, पंचवीस वर्षं उगाच पडदे शिवले.

नवरा लाडू खात फॉर्म चाळायचा. "दहापैकी दहा? वीसच्या वीस घरांत?" तो म्हणाला. "अगं, मला आमच्या हेड ऑफिसनं जन्मात आठाच्या वर दिले नाहीत."

"तुम्ही नीट काम करत नसाल," मी म्हटलं.

खरं तर खुणा डोळ्यांसमोर होत्या. एक तुकडा खाल्ल्यावर मी दुसरा पुढे केला की सगळे छातीवर हात ठेवून म्हणायचे, "बस, अब बिल्कुल गुंजाइश नहीं." वीस घरांत एकालाही दुसऱ्या तुकड्यापुरती भूक नव्हती. माझ्या नागपूरच्या नणंदेला हीच वडी दिली असती तर तिनं पहिल्या घासाला विचारलं असतं, "हे काय बाप्पा, चुना टाकला का यात?" आणि माझं काम एका दिवसात झालं असतं. पण गोड बोलणं ऐकायची सवय फार लवकर लागते. मला तर पहिल्याच रविवारी लागली.

दहाव्या आठवड्यात भांडं फुटलं. ते फोडलं आमच्याकडे भांडी-झाडू करणाऱ्या बाईनं. माझ्याच वयाची, किरकोळ अंगाची, बोलायला मोजकी. कॉलनीतली आणखी सात घरं करून ती शेवटी माझ्याकडे यायची, अकराच्या सुमाराला. रविवारी मी दारं वाजवायची म्हणून माझी सुट्टी सोमवारी, इतर दिवशी ती शेजारून किल्ली घेऊन काम उरकायची. त्या सोमवारी ती आली, खांद्यावरची पिशवी ओट्याखाली ठेवली आणि मी फ्रिज उघडतेय हे बघून घाईनं म्हणाली, "दीदी, आपके यहाँ भी वो मटर वाला बचा हो तो आज मत दीजिएगा. सात घर का हो गया."

मी म्हटलं, "सात घर का क्या हो गया?"

तिनं पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत माझे ठोकळे होते. काही वर्तमानपत्रात, काही प्लास्टिकच्या पन्नीत, एक तर माझ्याच रुमालात गुंडाळलेला.

मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसले. "कब से?"

"पहले हफ्ते से." मग माझा चेहरा बघून तिनं हातात घेतलेला झाडू भिंतीला टेकवला. "सब ने कहा था दीदी को मत बताना, दिल दुखेगा. सामने वाली भाभीजी ने एक बार सब्जी बनाई थी. सब घुल गया. उनके साहब बोले, नकली पनीर है क्या? होली पे पकड़ा था वैसा?"

वीस घरांनी मला दहा आठवडे वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या आणि वर लाडूही दिले होते. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि रडता रडता राग आला, तो कुणाचा ते कळेना. त्यांचा तरी काय दोष? मीच रुमाल झाकून, साडी नेसून, दारात भेट घेऊन गेले होते. शेजारणीनं प्रेमानं आणलेल्या डब्याला कुणी सहा गुण देतं का? मी तरी दिले असते का? त्यांच्या मुगाच्या वड्या मला खवट लागल्या होत्या आणि मी 'बहुत बढ़िया' असा निरोप धाडला होता. म्हणजे फटकळपणासुद्धा दोन वर्षांत लखनौनं धुऊन काढला होता.

"मग तू काय करतेस ह्याचं? टाकतेस?" मी मराठीतच विचारलं. दोन वर्षांत तिला माझं मराठी कळायला लागलं होतं.

"फेंकेंगे काहे? खाने की चीज है." ती जरा दुखावलीच. "हमारे मायके में रसाज बनता है न, बेसन घोट के थाली में जमाते हैं. वैसे ही इसको मोटा-मोटा काट के, नमक-हल्दी लगा के, सरसों के तेल में लाल कर लेते हैं. फिर खट्टी कढ़ी में, एकदम आखिर में. बच्चे लड़ते हैं इसके लिए."

एकदम शेवटी. मी खुर्चीतून उठलेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही मी वीस दारांचा घातला होता. जे मला पहिल्या दिवशी माहीत होतं ते हिला पहिल्या आठवड्यात कळलं होतं, आणि आम्ही दोघी दहा आठवडे एकाच ओट्यापाशी उभ्या राहून एकमेकींना काही बोललो नव्हतो.

त्या दिवशी झाडू भिंतीला टेकलेलाच राहिला. एका शेगडीवर मी कांदा-खोबरं भाजून सावजी तिखटाचा रस्सा केला, दुसरीवर तिनं कढी चढवली. तिनं मोहरीच्या तेलात वड्या सोडल्या तेव्हा घरभर असा वास सुटला की मला भुकेनं कासावीस व्हायला झालं. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारख्या मऊ. मी तीन खाल्ल्या, उभ्यानंच. माझा रस्सा तिला इतका तिखट लागला की ती हसत हसत नळाखाली तोंड धरून उभी राहिली.

मग मी एक कोरा फॉर्म काढला. "आता तुझा भरायचा. खरं सांग. डबा मी दिलेला नाही, तो तुला सात घरांनी दिलाय."

तिनं पदराला हात पुसले आणि गंभीर होऊन बसली.

"पनीर जैसा?"

"दो."

"दोनच?"

"चौकोर कटता है, इसलिए दो."

"स्वाद?"

तिनं विचार केला. "सात."

"सात क्यों?"

"अंदर नमक नहीं है. जमाते वक्त नमक-जीरा डालते तो नौ देते. दस तो किसी को नहीं देना चाहिए, आदमी बिगड़ जाता है."

शेवटचा प्रश्न होता, दुकानात मिळालं तर घ्याल का? ती म्हणाली, "लेंगे. मगर पनीर बोल के बेचेंगे तो नहीं लेंगे. पनीर खाना होगा तो पनीर लाएँगे न दीदी. इसको इसका नाम दीजिए." आणि तिनं खाली सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

संध्याकाळी नवरा हजरतगंजाहून मेट्रो आणि ऑटो करून दमून आला. त्याला कढी वाढली आणि सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "दोनच आठवडे राहिलेत," तो म्हणाला. "तू काही बोलली नाहीस तर तू कायम होशील. बोललीस तर..." पुढे त्यानं वाक्य सोडून दिलं आणि आणखी दोन वड्या वाढून घेतल्या.

मला नोकरी हवी होती. हे इथं स्पष्टच लिहिते, कारण नंतर लोकांनी मला फार प्रामाणिक वगैरे ठरवलं. सकाळी साडेआठला डबा घेऊन घराबाहेर पडायचं, फाटकावर कार्ड दाखवायचं आणि रखवालदारानं 'नमस्ते मैडम' म्हणायचं, हे मला इतकं हवं होतं की तो एक फॉर्म फाडून टाकावा असं माझ्या मनात आलं. तीन-चार वेळा आलं. मग त्या फॉर्मवरची सही दिसायची. तिला मी म्हटलं होतं, खरं सांग.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे दोन गठ्ठे ठेवले. एक दोनशे फॉर्मांचा, दहा-दहा-दहा. दुसऱ्यात एकच कागद. आणि सांगितलं. डबे, रुमाल, सात घरं, पिशवी, रसाज, पाटोडी. पहिल्या दिवशी ओळखलं होतं आणि बोलले नाही, हेही. मध्ये एक विमान गेलं तेव्हा या वेळी तोंड उघडं ठेवून थांबण्याची पाळी माझी होती.

साहेबांनी मोठ्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "तो ये सब?"

"सब तहजीब है, सर."

मला वाटलं, आता कार्ड मागतील. मी ते गळ्यातून काढून हातातच धरलं होतं. पण ते हळूहळू हसायला लागले. म्हणाले, "मेरी अम्मा ने भी खूब तारीफ की थी. तब से मेरे घर पहुँचने से पहले ही खाना बना लेती हैं. मैं सोचता था, बेटे का खयाल रखती हैं." मग त्यांनी तो एकटा कागद उचलला आणि पुन्हा पुन्हा वाचला. "दस महीने से बना रहा हूँ, पहली बार किसी ने बताया कि नमक कम है."

एक महिना वाढवून मिळाला, त्यापेक्षा एक दिवसही जास्त नाही, असं त्यांनी बजावलं. वाटताना मीठ-जिरं घातलं. जाड कापावं, तळावं आणि शेवटी सोडावं, असं कागदावर छापलं. पनीर हा शब्द काढला. नावावरून बराच खल झाला आणि शेवटी 'मटर की वड़ी' एवढंच ठरलं. डबे घेऊन मी जायचं नाही, असंही ठरलं. ठोकळे कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवले, आणि ज्यांनी नेले त्यांच्या घरी चिठ्ठ्या घेऊन आमच्या भांडी-झाडूवाल्या बाईनं जायचं. तिच्यापुढे कुणाला तहजीब दाखवायची नसते. तेवढ्या कामाचा तिला वेगळा पगार मिळाला आणि कार्डही मिळालं. फोटो काढायच्या दिवशी ती माझी नारिंगी साडी नेसून गेली.

पहिल्या आठवड्याच्या चिठ्ठ्या आल्या. समोरच्या भाभीजींनी दिले होते सहा. खाली लिहिलं होतं, 'जीरा ज्यादा है, टुकड़े और मोटे हों.' दोनशे फॉर्म मिळूनही मला जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा त्या सहानं झाला. चिठ्ठी फ्रिजला चिकटवून ठेवली. अजून आहे.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ती अकरा वाजता आली. पिशवी ओट्याखाली न ठेवता माझ्यासमोर उलटी करून झटकली. काही पडलं नाही.

"लीजिए," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सात घर में से किसी ने कुछ नहीं दिया. सब खुद खा गए. हमारा तो नुकसान करवा दिया आपने."

माल बाजारात जाणार आणि मीही कायम, हे दोन दिवसांपूर्वीच ठरलं होतं. मी कार्ड गेलं नाही म्हणून रडले की त्या रिकाम्या पिशवीकडे बघून, ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्यासाठी ठेवलेला ठोकळा मी फ्रिजमधून काढला, स्टीलच्या डब्यात घातला आणि तिच्या हातात दिला. रुमाल टाकला नाही.

पुढच्या सोमवारी तिनं डबा परत आणला. झाकण उघडलं तर आत कढी, वर लाल तळलेल्या वड्या, त्यावर सुक्या मिरचीची फोडणी. दोन वर्षांत मी तिला कितीतरी डबे दिले होते. ते धुऊन, पुसून, रिकामे यायचे, आणि ते तसेच येतात याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

मी तिच्यासमोरच घास घेतला. ती झाडू धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"आठ," मी म्हटलं. "मीठ जरासं जास्त झालंय."

ती खुदकन हसली आणि झाडायला लागली.